लग्न ठरलेल्या दोघांचे फोटो काढताना

तुळशीची लग्नं लागली की मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि पाठोपाठ ‘प्री-वेडिंग’साठी फोन सुरू होतात. लग्नात फोटोग्राफरची एक सोय असते. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. योग्य जागी उभं राहिलं की निम्मं काम झालं. लग्न ठरलेल्या जोडप्याच्या फोटोंत मात्र आपणहून काहीच घडत नसतं. नवखा फोटोग्राफर गोंधळतो तो इथेच.

त्यातून लग्न ठरवून झालेलं असेल, तर दोघांची ओळखही चार-सहा भेटींचीच असते. मोबाइलवर पाहिलेली पोझ दाखवून त्यांना पहिल्याच फोटोत मिठी मारायला लावली, तर खांदे ताठरतात आणि मग लवकर सैल होत नाहीत. त्यापेक्षा त्यांना काहीतरी करायला द्या. “दादा, ताईंना घेऊन त्या पिंपळापर्यंत जा, बोलत बोलत परत या. माझ्याकडे बघायचं नाही.” विषयही सुचवा: बघायच्या कार्यक्रमाला पोहे नक्की कुणी केले होते? उत्तर संपल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात, तो क्षण टिपायचा. चालतानाचे फोटो हलू नयेत म्हणून शटर 1/500 च्या आसपास ठेवा. सोबत नवऱ्या मुलाची बहीण किंवा मुलीची आई आली असेल, तर सुरुवातीला त्यांचेही दोन फोटो काढा. वातावरण मोकळं होतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष हातांकडे द्यावं. घाबरलेला माणूस चेहऱ्यावर हसू आणू शकतो, हात मात्र खरं सांगतात. घट्ट धरलेल्या हाताची पेरं पांढरी पडतात. तिला त्याची फक्त दोन बोटं धरायला सांगा. मनगट सैल पडतं, साखरपुड्याची अंगठी नीट दिसते आणि दोघांमधला संकोचही दिसतो. तो संकोच मुळीच लपवू नये. वर्षभरानंतर तो कुणालाच पुन्हा टिपता येणार नाही.

आता लेन्स. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या मोहात नवखे लोक 85 मिमीची लेन्स एफ 1.8 वर उघडून बसतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर दोन मीटर अंतरावरून त्यात जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एकट्या माणसाला तेवढं पुरतं. दोघांत एकजण जरा मागे असला की त्याचे डोळे पुसट होतात. एफ 4 वर या आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा.

जागा निवडताना वाईजवळच्या मेणवलीचं उदाहरण घेऊ. कृष्णाकाठचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट ‘स्वदेस’ (2004) चित्रपटामुळे घरोघरी पोचला. घाटाच्या पायऱ्यांचा मोठा उपयोग असा, की उंचीत फार फरक असेल तर एकाला एक पायरी वर उभं करता येतं. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचची वेळ उत्तम. पण घाट गावाचा आहे. कुणी पूजा करत असेल, कपडे धूत असेल, तर थांबायचं आपण. कास पठारावर फुलांत बसून फोटो काढण्याचा हट्ट तर अजिबात नको. पायाखाली चिरडलेली फुलं पुढच्या हंगामाचं बी धरत नाहीत. शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचं, तर आधी परवानगी काढावी लागते.

झाडाखाली सावली छान मिळते, पण पानांचा हिरवा रंग गालांवर उतरतो. जोडप्याला सावलीच्या कडेला, उघड्या आकाशाकडे तोंड करून उभं करा. पैठणीची जर उन्हात पांढरी फटक पडते, तेव्हा एक्स्पोजर किंचित कमी ठेवा. चेहरे मात्र नंतर संगणकावर गोरे करू नका. कुणी मागणी केली तरी करू नका. सावळ्या मुलीला लग्न ठरेपर्यंत रंगावरून पुष्कळ ऐकावं लागलेलं असतं, त्यात फोटोग्राफरने भर घालणं मला अन्यायाचं वाटतं. तिचा रंग आहे तसा, तजेलदार यावा म्हणून तिच्या चेहऱ्यावर मऊ उजेड आणणं हेच आपलं काम.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी दोघांनाही वेगवेगळं विचारा. एकाचा होकार दुसऱ्याचा धरू नका, आणि ठरलेलं लग्न मोडल्याचं कळलं तर कुणी सांगायची वाट न बघता फोटो त्याच दिवशी काढून टाका.