२७२ पायऱ्या, आईसकट

क्वालालंपूरला जायचं ठरलं की ऑफिसातले सगळेच एक्स्पर्ट होतात. ट्विन टॉवर्सचा फोटो कुठून चांगला येतो, चायना टाऊनमध्ये घासाघीस कुठपर्यंत ताणायची, गेंटिंगला स्वेटर लागतो की नाही... आणि मग जाता जाता कोणीतरी म्हणतं, "हो, ते बाटू केव्हज पण आहे. अर्ध्या तासात होतं!" बऱ्याच टूरवाल्यांच्या कागदावरही ते तसंच असतं. गेंटिंगच्या वाटेवरचा एक फोटो-स्टॉप. बस थांबते, सोनेरी मूर्तीसमोर ग्रुप फोटो होतो, तरुण मंडळी धावत वर जाऊन येतात आणि आई-बाबा खाली कबुतरं बघत बसतात. की चला परत बसमध्ये.

तुम्ही एकटे किंवा मित्रांबरोबर जाणार असाल तर हे चालून जाईल. पण आता नोकरीत जरा स्थिरावल्यावर आई-बाबांना पहिल्यांदा परदेशात न्यायचं, हा प्लॅन खूप घरांत शिजत असतो आणि त्यासाठी क्वालालंपूर अगदी सोयीचं पडतं. मुंबईहून थेट विमानानं साधारण पाच तास. घड्याळ अडीच तास पुढे. भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे, त्यापुढची तिकिटं काढणार असाल तर आधी नियम बघून घ्या. निघण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. एवढं केलं की कागदपत्रं संपली. उरतात त्या २७२ पायऱ्या.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आई अजून चढत असेल, तर मनात त्याच्या अडीचपटीहून थोडं जास्त धरा. चढ सलग आणि उभा आहे, पण मध्ये टेकायला टप्पे आहेत. खरा शत्रू पायरी नाही, ऊन! इथे बारा महिने दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि हवेत दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा. म्हणून पहिला नियम: सकाळी सात-साडेसातला पायथ्याशी हजर. नऊनंतर बसेस यायला लागतात, पायऱ्यांवर सेल्फीवाल्यांचा ट्रॅफिक जॅम होतो आणि दगड तापतो. दुसरा नियम: रात्रीच्या विमानानं पहाटे उतरलात तर त्याच दिवशी हे करू नका. "हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला आहे, तोवर बाटू केव्हज उरकू" हा हिशोब कागदावर छान दिसतो, साठीतल्या गुडघ्यांना तो पटत नाही.

जायचं कसं? टॅक्सी आहेच, पण खरी मजा ट्रेनची. शहरापासून हे ठिकाण उत्तरेला जेमतेम १३ किलोमीटरवर. केएल सेंट्रल स्टेशनवरून केटीएम कोम्युटर पकडायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. स्टेशनचं नावच बाटू केव्हज. २०१० मध्ये ही लाइन इथपर्यंत आली. तिकीट अगदी स्वस्त, गाडी थंडगार आणि मधला डबा बायकांसाठी राखीव. चर्चगेट-विरारवाल्यांना घरी आल्यासारखं वाटेल. फक्त गाड्या आपल्या लोकलसारख्या तीन-तीन मिनिटांनी नसतात, तेव्हा आदल्या दिवशी टाइमटेबल बघून ठेवा.

आईचा प्रश्न

आता जरा नाजूक मुद्दा. हा डोंगर मुरुगनचा, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचा. आणि आपल्याकडे तर बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं नाही! तो ब्रह्मचारी, आईवर रुसलेला, त्याचं तोंड बघणारी बाई सात जन्म विधवा होते, अशी ती कथा. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेवढीच सूट. ट्विन टॉवर्सच्या उत्साहात हे आपल्या डोक्यातही येत नाही आणि मग पायथ्याशी उभं राहिल्यावर आई हळूच म्हणते, "तुम्ही या जाऊन. मी इथेच बसते." आपल्याला वाटतं, गुडघे. गुडघे असतातच, पण दर वेळी कारण तेच असतं असं नाही.

म्हणून हे बोलणं घरीच, तिकिटं काढायच्या आधी झालेलं बरं. आणि बोलायला मुद्दाही भक्कम आहे. तमिळ लोकांचा मुरुगन ब्रह्मचारी नाहीच मुळी. त्याला दोन बायका, वळ्ळी आणि देवयानै. तिथल्या गुहेत, सगळ्यात आतल्या दालनात, त्या दोघींसह त्याचं देऊळ आहे. तैपूसमच्या उत्सवात हजारो बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन याच पायऱ्या चढतात. तोच देव दोन प्रांतांत असा वेगवेगळा नांदतो. आईला हे पटेल किंवा पटणार नाही. ती नाही म्हणाली तर तिला ओढून नेऊ नका. पण न चढण्याचा निर्णय तिचा असावा, बसच्या ड्रायव्हरचा नव्हे.

वर काय आहे?

आधी खाली बघा. ४२.७ मीटर उंच, सोन्याच्या रंगाचा मुरुगन, हातात वेल म्हणजे भाला. जानेवारी २००६ मध्ये त्याचं अनावरण झालं आणि तमिळनाडूत सेलमजवळ २०२२ मध्ये त्याहून उंच मूर्ती उभी राहीपर्यंत हा जगातला सगळ्यात उंच मुरुगन होता. त्याच्या मागे जो डोंगर उभा आहे तो चुनखडीचा, वय सुमारे ४० कोटी वर्षं. गुहेचं तोंड वेलच्या टोकासारखं दिसतं, त्यावरून के. तंबुसामी पिल्लै या तमिळ पुढाऱ्याला इथे मंदिर करायची कल्पना सुचली असं सांगतात. १८९२ पासून इथे तैपूसम साजरा होतो. इंग्रजांच्या काळात रबराच्या मळ्यांत आणि रेल्वेच्या कामावर आणलेल्या तमिळ मजुरांनी परमुलखात जपलेली ही जागा आहे. १९२० मध्ये वर जायला लाकडी जिना झाला, १९४० मध्ये सिमेंटचा.

मग ते इंद्रधनुष्यी रंग? ते अगदी अलीकडचे. दर बारा वर्षांनी होणाऱ्या कुंभाभिषेकाच्या निमित्तानं ऑगस्ट २०१८ मध्ये पायऱ्या रंगवल्या. सोशल मीडियावर फोटोंचा पूर आला आणि परवानगी न घेता रंगवल्या म्हणून मलेशियाच्या पुरातत्त्व-वारसा खात्याबरोबर वादही झाला. रंग आवडो न आवडो (मला विचाराल तर फोटोत छान, डोळ्यांना जरा जास्तच), वर पोचल्यावर ते सगळं विसरायला होतं. आत छत जवळजवळ १०० मीटर उंच. गारवा, ठिबकणारं पाणी, वटवाघळांचा वास. तिथून आणखी थोड्या पायऱ्या चढलात की शेवटच्या दालनाला छतच नाही, वरून उजेडाचा झोत सरळ खाली. इथे वीस मिनिटं तरी नुसतं बसा. फोटो-स्टॉपवाल्यांना ही वीस मिनिटंच मिळत नाहीत.

मुख्य गुहेला तिकीट नाही. गुडघे झाकणारे कपडे हवेत. नसतील तर खाली सारोंग भाड्यानं मिळतो. पायऱ्यांवर चपला चालतात, देवळात काढायच्या. आणि माकडं! ती तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या हातातल्या पिशवीकडे बघतात. प्लास्टिकची पिशवी, केळी, कोल्ड्रिंक, चश्मा, सगळं सॅकमध्ये आणि सॅक बंद. अर्ध्या वाटेवरची डार्क केव्ह ही दुर्मीळ कोळ्यांची गुहा २०१९ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाली, त्यामुळे जुन्या गाइडबुकात वाचून तिच्या भरवशावर जाऊ नका.

चढणार नसणाऱ्यांना कबुतरांच्या हवाली करायची गरज नाही. स्टेशनजवळच, १५ मीटर उंच हिरव्या हनुमानाच्या मागे रामायण केव्ह आहे. थोडं तिकीट, सपाट वाट आणि आत देखाव्यांतून सगळी रामकथा. झोपलेला कुंभकर्ण बघून बाबा नक्की कोणाची तरी आठवण काढतील! त्याच्या आतही वर जाणारा जिना आहे, पण तो टाळला तरी काही बिघडत नाही. एकानं आईबरोबर इथे थांबायचं, बाकीच्यांनी वर जाऊन यायचं, मग अदलाबदल. दोन फेऱ्या होतात, पण कोणी एकटं बसत नाही. एकूण तीन तास धरा.

तैपूसम पौषी किंवा माघी पौर्णिमेच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत येतो. तेव्हा शहरातल्या महामरिअम्मन देवळातून चांदीचा रथ रात्रभर चालत इथवर येतो आणि लाखोंच्या गर्दीत भक्त अंगात टोचलेली कावडी घेऊन वर चढतात. बघण्यासारखं आहेच, पण आई-बाबांना घेऊन पहिल्याच खेपेला नको. त्या आठवड्यात हॉटेलं महाग असतात आणि पायऱ्यांवर मागे वळायला जागा नसते. तेव्हा तारीख पक्की करण्याआधी 'कालनिर्णय'मधली पौर्णिमा बघा.

खाली उतरलात की केळीच्या पानावर इडली-डोसा देणारी शाकाहारी हॉटेलं समोरच आहेत. मसाला डोसा, शहाळं आणि ज्याला कॉफी हवी त्याला कॉफी. दहा-साडेदहाची परतीची गाडी मिळाली तर दुपारच्या उन्हाच्या आत सगळे हॉटेलवर. बाबा झोपतील. आईला विचारा, ट्विन टॉवर्स आज की उद्या.