वर्षाला पाव मिलिमीटर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सोग्नेफ्योर्ड ही समुद्राची चिंचोळी खाडी २०५ किलोमीटर आत शिरते. दोन्ही काठांना हजार मीटरहून उंच डोंगर आणि पाण्याखाली तब्बल १,३०८ मीटर खोली. एवढं नदीला खणता येत नाही. समुद्रसपाटी गाठली की तिचं खणणं संपत येतं. शिवाय खाडीचा सर्वांत खोल भाग आत, डोंगरांमध्ये आहे. मुखाशी तळ इतका वर येतो की पाणी दोनशे मीटरही खोल उरत नाही. म्हणजे ज्याने हे खणलं, तो तळाचा चढ चढून समुद्राकडे गेला. हे हिमनदीचं काम. तिच्या पृष्ठभागाला उतार असला की पुरतो, तळ उलटा चढत असला तरी ती पुढे सरकते.

बर्फ दोन किलोमीटर जाड असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,८०० टन भार पडतो. तळाशी वितळलेल्या पाण्यावरून तो घसरतो, भेगांत पाणी गोठवून खडकाचे तुकडे उपटतो आणि त्याच तुकड्यांनी पुढचा खडक कानशीसारखा घासत जातो.

सोग्नेफ्योर्डच्या खोऱ्यातून हिमयुगांनी किती खडक नेला, याचा भूशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे: सुमारे ७,६०० घन किलोमीटर. कोयनेचा जलाशय १०५ टीएमसीचा, म्हणजे जेमतेम तीन घन किलोमीटर. तसे अडीच हजार जलाशय भरतील एवढा खडक या एका खोऱ्यातून गेला. मात्र हा आकडा हिमयुगांच्या सुमारे २५ लाख वर्षांवर आणि खोऱ्याच्या साडेबारा हजार चौरस किलोमीटरवर पसरला, तर सरासरी झीज भरते वर्षाला पाव मिलिमीटर. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारा आकडा हाच वाटतो.

एवढा माल गेला कुठे? सोग्नेफ्योर्डचा बहुतेक पश्चिमेला समुद्रात. पण स्कँडिनेव्हियाच्या दुसऱ्या अंगाने, दक्षिणेकडे उतरलेल्या बर्फाने आपलं ओझं सखल प्रदेशात टाकलं आणि त्यातून डेन्मार्कची भूमी घडली. या देशाचं सर्वोच्च नैसर्गिक ठिकाण १७१ मीटरही उंच नाही. तिथल्या शेतांत नॉर्वेतल्या ऑस्लो परिसराचा, चौकटीच्या आकाराचे स्फटिक असलेला खडक सापडतो. फ्यून बेटावर तर सुमारे हजार टनांची एकच शिळा बर्फाने आणून ठेवली आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी बर्फाची कड जटलंड द्वीपकल्पाच्या मधोमध येऊन थांबली. तिच्या पूर्वेला बर्फाने टाकलेली चिकणमाती, म्हणून सुपीक जमीन. पश्चिमेला वितळपाण्याने धुऊन नेलेली वाळू, म्हणून शतकानुशतकं माळरान. शेतकऱ्याच्या वाट्याला कोणती जमीन यावी, हे त्या कडेने ठरवलं.

बर्फ गेला तरी त्याचा हिशेब मिटलेला नाही. तीन किलोमीटरपर्यंत जाडीच्या थराने दाबलेलं भूकवच भार उतरल्यावर वर येऊ लागलं. स्वीडनच्या 'उंच किनाऱ्या'वर जुनी समुद्ररेषा आज २८६ मीटर उंचीवर दिसते. बोथनियाच्या आखातात जमीन अजूनही वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर उचलली जाते. समोर फिनलंडच्या उथळ क्वार्केन द्वीपसमूहात त्यामुळे दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अडीचशे एकर, नवी जमीन पाण्याबाहेर येते.

हे सगळं उत्तरेकडच्या थंड देशांचं, असं समजू नये. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या चंद्रपूरजवळ, इरई गावापाशी पैनगंगेच्या काठी, चुनखडकावर बर्फाने घासलेले ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी १८७०च्या दशकातच त्यांची नोंद केली. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, भारत दक्षिण ध्रुवाकडच्या गोंडवन महाखंडाचा भाग होता तेव्हाचे. त्यांच्यावर लहानमोठ्या गोट्यांची सरमिसळ असलेला, बर्फाने आणलेला तालचेर थर आहे. हवा उबदार झाल्यावर त्याच्याही वर दलदलीतली झाडं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर-वणीच्या खाणींतून आज निघतो, तो हाच कोळसा.