रात्री दहानंतरची गाणी

२००५ साली महाराष्ट्रात रात्र आवळली जात होती. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम पक्का केला. १५ ऑगस्टपासून राज्यभरातले डान्सबार बंद झाले. ही बंदी आणणारे गृहमंत्री आर. आर. पाटील आमच्याच पश्चिम महाराष्ट्रातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. पुढे २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. पण २००५ मध्ये रात्र म्हणजे काहीतरी बिघडवणारी गोष्ट, हे सगळ्यांनी मानूनच टाकलं होतं.

तिकडे इंग्लंडमध्ये त्याच वर्षी उलटी गंगा वाहत होती. अकराला घंटा वाजवून पब रिकामे करायची तिथली जुनी रीत. २४ नोव्हेंबर २००५ ला नवा परवाना कायदा लागू झाला आणि पहाटेपर्यंत दुकान उघडं ठेवायची मुभा मिळाली. तिथल्या वर्तमानपत्रांनीही पोरं बिघडणार म्हणून ओरड केलीच. या ओरडीला दोन महिने झाले नाहीत तोच, २३ जानेवारी २००६ ला, शेफील्डच्या चार पोरांचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव आर्क्टिक मंकीज. अल्बमचं नाव एका दमात न होणारं: ‘व्हॉटेव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम नॉट’. पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. पहिल्या अल्बमचा एवढा झपाटा ब्रिटनने तोवर पाहिला नव्हता. गाणी लिहिणारा, गाणारा अ‍ॅलेक्स टर्नर त्याच महिन्यात वीस वर्षांचा झाला होता.

जानेवारी २०२६ मध्ये या अल्बमला वीस वर्षं झाली. त्याचा मागोवा खंडाळ्यातून घ्यायचा म्हणजे आधी कुठलं खंडाळा ते सांगावं लागतं. १९९८ च्या ‘गुलाम’मधल्या गाण्याने प्रेयसीला फिरायला बोलावलं ते लोणावळ्याशेजारचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. मुंबई-पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या प्रत्येक पोराला ते गाणं ऐकवून पिडलं गेलंय. गाण्यात आमच्या गावाचं नाव येतं आणि गाव मात्र दुसरंच निघतं, याची आम्हाला सवय आहे.

म्हणूनच शेफील्डच्या या पोरांचा हेवा वाटतो. शेफील्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं आणि पोलादाचं शहर. १९८० च्या दशकात तिथले कारखाने आणि भट्ट्या धडाधड बंद पडल्या. ही पोरं त्याच शहराच्या उत्तर टोकाला हाय ग्रीन नावाच्या उपनगरात वाढली. टर्नर आणि गिटारवाला जेमी कुक शेजारी राहायचे. २००१ च्या नाताळात दोघांना घरून गिटार मिळाली. ड्रमवर मॅट हेल्डर्स, बेसवर अँडी निकोलसन. १३ जून २००३ ला ‘द ग्रेप्स’ नावाच्या पबमध्ये पहिला कार्यक्रम. आणि गाणी कशावर? टॅक्सीवर. क्लबच्या दारातल्या आडदांड बाउन्सरवर. पोलिसांच्या गाडीवर. नाचणाऱ्या मुलीशी बोलायचा धीर न होणाऱ्या पोरावर.

त्यातलं एक गाणं जवळून बघण्यासारखं आहे. रात्रीची वेळ, टॅक्सीची रांग. मित्र एक जास्त, टॅक्सीवाला इतक्यांना घ्यायला राजी नाही. आत बसल्यावर बाचाबाची, पळून जायचा बेत, आणि दरवाजे तर बंद. गाण्याचं नावच मुळी तिथल्या टॅक्सीत लावलेल्या सूचनेवरून घेतलंय: लाल दिवा लागला की दारं कुलूपबंद आहेत, असं समजा. अडीच मिनिटांच्या आत सगळं खलास. प्रेम नाही, क्रांती नाही, आयुष्यावर भाष्य नाही. भाडं कोण देणार, एवढाच प्रश्न. एकोणीस वर्षांच्या पोराला ही गोष्ट गाण्याजोगी वाटली, यातच या अल्बमची सगळी ताकद आहे.

सगळीच गाणी त्या तोडीची आहेत असं नाही. तेरापैकी मधली दोन-तीन नुसता वेग म्हणून चालून जातात, आणि ‘व्हँपायर’वालं तर मला आजही झेपत नाही. पण शेवटचं, ‘अ सर्टन रोमान्स’, सगळी तूट भरून काढतं. गावातल्या ट्रॅकसूटवाल्या, हाणामाऱ्या करणाऱ्या टोळक्याची त्यात आधी यथेच्छ टर उडवली आहे. मग गाणारा मध्येच थबकतो, कारण त्या टोळक्यात त्याचे दोस्तही आहेत, आणि दोस्तांवर राग धरून कसं चालेल? ही कबुली ज्याने गावात राहून गावाकडे बघितलंय त्यालाच सुचते.

अल्बमचं लांबलचक नाव आलंय ॲलन सिलिटोच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या १९५८ च्या कादंबरीतून. तिचा नायक नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करतो, आठवडाभर घाम गाळतो आणि शनिवारी रात्री पगार उडवतो. आमच्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. शिरवळपासून केसुर्डीच्या एमआयडीसीपर्यंत कारखान्यांची रांग आहे. रंगाचे, फ्रिजचे, सुट्या भागांचे. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची पोरं इथे कंत्राटावर येतात, चार-पाच जण मिळून एक खोली घेतात आणि शिफ्ट फिरेल तशी झोप फिरवतात. रात्री मौजेचं काय, तर हायवेवरचा ढाबा, एखादा परमिट रूम आणि हातातला मोबाईल.

बँडच्या प्रसिद्धीची दंतकथा अशी की इंटरनेटने त्यांना मोठं केलं. खरं तर ही पोरं कार्यक्रमानंतर स्वतः भरलेल्या सीडी फुकट वाटायची. ऐकणाऱ्यांनी त्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि एकमेकांना पाठवल्या. मायस्पेसवरचं पानही चाहत्यांनीच काढलं. त्यामुळे पहिला अल्बम दुकानात यायच्या आत गर्दीला गाणी तोंडपाठ होती. ऑक्टोबर २००५ चं पहिलं मोठं सिंगल थेट पहिल्या क्रमांकावर गेलं, ते काही जाहिरातीच्या जोरावर नाही. आमच्याकडे पुढच्या चार-पाच वर्षांत हेच मोबाईलच्या दुकानात चालायचं: दहा-वीस रुपये टेकवा आणि मेमरी कार्ड भरून घ्या. फरक इतकाच की आमच्या कार्डात भरलेली गाणी पंजाबची असत, मुंबईची असत, कोल्हापूरची दोन-चार लोकगीतं असत. त्यात शिरवळचं काही नसे.

मग आमच्या भागात रात्रीच्या जगण्यावर गाणं कधी नव्हतंच का? होतं, आणि भरपूर होतं. ते तमाशात होतं. गण-गवळण झाली की बतावणीला गावचा सरपंच, तलाठी, सोसायटीचा चेअरमन सगळे सापडायचे. ज्या गावची जत्रा, त्या गावची नावं सोंगाड्या दिवसा फिरून गोळा करून ठेवायचा. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगात हाफपँटीतले दोन हवालदार होऊन उभे राहिले की फड कोसळायचा. शेफील्डच्या पोरांचं ‘रायट व्हॅन’ हे गाणं पोलिसांच्या गाडीला चिडवणाऱ्या पोरांचं आहे. काळू-बाळूंनी ते चिडवणं कितीतरी आधी, त्याच गणवेशात शिरून, पोलीस बंदोबस्ताला उभे असताना करून दाखवलं होतं. माझ्या मते आपल्या मुलखातलं या अल्बमच्या सर्वांत जवळचं काम तेच, पुण्या-मुंबईच्या रॉक बँडांचं नव्हे. त्या बँडांतल्या बहुतेकांनी इंग्रजीत गायलं आणि इंग्रजी रॉकसारखंच गायलं.

रात्री रंगणाऱ्या वगाला दहाचा नियम किती जाचला असेल, ते सांगायला नको. विशेष दिवसांची सवलत असते, परवानगी काढता येते, पण जत्रेच्या रात्री पोलीस पाटलाच्या हाती घड्याळ आलं की बतावणी आधी कापली जाते. गाणी तेवढी राहतात. प्रेक्षकही तेच मागतात म्हणा. तमाशातली रेकॉर्डिंगची गाणी वाढली, मग ऑर्केस्ट्रा आला, मग बेंजो, मग ट्रॅक्टरवर रचलेला डीजे. डीजेला गाव नसतं. जे साताऱ्यात वाजतं, तेच सोलापुरात.

२०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा वाटलं, आता काहीतरी फिरलं. करमाळ्याकडचं बोलणं, अजय-अतुलचा ठेका, आणि सोबतीला लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा. ‘झिंगाट’वर नाचली नाही अशी वरात त्या वर्षी निघाली नसेल. पण ते सिनेमाचं गाणं होतं, कुण्या पोराने आपल्या खोलीत बसून लिहिलेलं नव्हतं. खोलीत बसून लिहिणारे आता रॅपवाले आहेत. मुंबईत नेझी आणि डिवाइनने गल्लीची भाषा गाण्यात आणली, २०१९ च्या ‘गली बॉय’ने ती देशभर पोचवली, पुण्याच्या पोरांनी मराठीत सुरुवात केली. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि क्लबमधल्या नाचात मराठी शब्द शिरले. आमच्याकडच्या लोणंदच्या वरातीतही ते वाजलंय. नाचायला झकास आहे. लोणंदचं मात्र त्यात काही नाही.

आर्क्टिक मंकीजच्या अल्बमचं एक खटकतं. सगळी रात्र पोरांच्या डोळ्यांनी दिसते. मुली नाचतात, रुसतात, टॅक्सीत बसून निघून जातात, पण त्यांचं म्हणणं कुठे येत नाही. ‘व्हेन द सन गोज डाउन’ हे शेफील्डच्या नीपसेंड भागात रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईवरचं गाणं. त्यात करुणा आहे, धंदा चालवणाऱ्याविषयी घृणा आहे, पण बघणारा रस्त्याच्या पलीकडेच उभा आहे. आमच्याकडे २००५ मध्ये हजारो बारबाला एका रात्रीत बेकार झाल्या, तेव्हाही त्यांच्याविषयी सगळे बोलले आणि त्या क्वचितच बोलल्या. आजही शिरवळच्या कंपन्यांतल्या मुलींची रात्र म्हणजे कंपनीची बस, खोलीचं दार आणि घरच्यांना केलेला पोचल्याचा फोन. त्यावर गाणं लिहायचं तर ते त्यांच्यातल्याच कुणीतरी लिहावं.

बँडचं पुढे काय झालं? निकोलसन २००६ मध्येच बाहेर पडला, त्याच्या जागी निक ओ’मॅली आला. त्याच सप्टेंबरमध्ये अल्बमला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात हीच पोरं वाजवत होती. २०१३ च्या ‘एएम’ अल्बमपर्यंत टर्नरचे केस मागे वळवलेले, कपडे बेतलेले आणि गाणी अमेरिकेकडे तोंड करून, २०१८ चा अल्बम तर चंद्रावरच्या हॉटेलात घडतो. जुने चाहते कुरकुरले. मला त्यात गैर दिसत नाही. पस्तिशीतल्या माणसाने टॅक्सीच्या भाड्यावर गाणी लिहीत बसावं, अशी अपेक्षा का करायची? ते काम त्या त्या वयाचं. टर्नर एकेकाळी शेफील्डच्या ज्या ‘बोर्डवॉक’मध्ये दारू ओतायचा, ते ठिकाण २०१० मध्ये बंदही झालं.

आमच्या केसुर्डीत मात्र विशीतलं पोर दर सहा महिन्यांनी नवं येतं, जुनं कंत्राट संपवून चाकणला किंवा रांजणगावला जातं. इथल्या रात्रीचं गाणं लिहायचं तर त्याच सहा महिन्यांत लिहावं लागेल, तेही दुसरी पाळी सुटल्यावर, खोलीतला दुसरा झोपायच्या आत.