दगडातील नाणी

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बसून पश्चिम राजस्थान आठवले, तर डोळ्यांपुढे वाळू उभी राहते. समुद्र काही आठवत नाही. तथापि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भूवैज्ञानिक ज्याला इओसीन म्हणतात त्या काळात, जैसलमेरच्या पलीकडे उथळ, उबदार समुद्र पसरलेला होता. त्याची साक्ष खुइयालाकडील चुनखडकांतली न्युम्युलाइटची चपटी, वाटोळी कवचे देतात. जैसलमेरच्या किल्ल्याचा पिवळा दगड याहून फार जुना, जुरासिक काळातला. दोहोंची गल्लत होऊ नये.

लॅटिनमध्ये ‘न्युम्युलस’ म्हणजे लहानसे नाणे. १८०१ साली लामार्क यांनी हे नाव रूढ केले. त्यापूर्वी कित्येक शतके इजिप्तमधील पिरॅमिडांच्या पायथ्याशी पडलेली अशीच कवचे मजुरांच्या उरलेल्या मसुरीचे दगड झालेले दाणे होत, असे लोक सांगत. स्ट्रॅबोने ही समजूत नोंदवली.

कवच आडवे चिरले की आत घड्याळाच्या कमानीसारखे वेढे दिसतात आणि प्रत्येक वेढ्यात बारीक कप्पे. एवढी कारागिरी करणारा जीव एकपेशीय होता! त्याला ना तोंड, ना पोट. तरीही काही जातींची कवचे रुपयाच्या नाण्याहून मोठी होत. आजच्या त्यांच्या आप्तांप्रमाणे त्यांच्याही शरीरात सूक्ष्म शैवाले राहत असावीत आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसत असावीत. म्हणूनच ही कवचे विपुल सापडली, की तेथे उजेड पोहोचणारे उथळ पाणी होते, असे समजतात. आणखी एक मौज अशी, की एकाच जातीत दोन आकार आढळतात. लैंगिक प्रजननातून जन्मलेल्या पिढीचा पहिला कप्पा इवलासा, पण कवच मोठे. अलैंगिक पिढीचे नेमके उलट. पूर्वीच्या अभ्यासकांनी या भावंडांना अनेकदा वेगवेगळ्या जाती मानून निरनिराळी नावे दिली.

या जाती झपाट्याने बदलत गेल्या, हाच त्यांचा मोठा उपयोग. खोल विहिरीतून वर आलेल्या खडकाच्या चुऱ्यात कोणती जात आहे हे पाहून थराचे वय ठरवता येते. मुंबईजवळच्या सागरतळाखालील वसई वायुक्षेत्रातले चुनखडकही इओसीन काळातलेच आहेत. तिकडे लडाखच्या डोंगरांत न्युम्युलाइटयुक्त थर आज समुद्रसपाटीपासून हजारो मीटर उंचीवर आहेत. भारताचा भूखंड आशियाला भिडताना मधला समुद्र केव्हा आटला, याचा हिशेब अभ्यासक या थरांवरूनच मांडतात.