इंजिनावर कारागिराचे नाव

मोटारीचा कारखाना म्हटला की सरकता पट्टा, यंत्रमानव आणि एकामागून एक बाहेर पडणाऱ्या गाड्या असे चित्र डोळ्यांपुढे येते. बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. परंतु जपानच्या निस्सान कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये जीटी-आर ही वेगवान गाडी बाजारात आणली, तेव्हा तिचे इंजिन पट्ट्यावर जोडले नाही. योकोहामाच्या कारखान्यात एका बंदिस्त, धूळविरहित खोलीत एक इंजिन एकच कारागीर हाताने जोडत असे. अशा उस्तादाला जपानी भाषेत ताकुमी म्हणतात. त्याच्या नावाची पट्टीही पुढे इंजिनावर लागू लागली.

उत्तमोत्तम यंत्रे पदरी असताना हाताची गरज का पडावी, असा प्रश्न आमच्या कारागीर बांधवांना पडेल. त्यासाठी या इंजिनाकडून काय काम घ्यायचे होते ते आधी पाहू. सहा सिलिंडर, ३.८ लिटर आणि सुरुवातीलाच ४८० अश्वशक्ती. आपल्या जुन्या मारुती ८०० चे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्तीचे होते. लिटरमागे हिशेब केला तर जपानी इंजिन अडीचपटीहून जास्त ताकद देते. ही वाढीव ताकद येते दोन टर्बोंमुळे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर ते पंखे फिरतात आणि सिलिंडरमध्ये दाबून हवा भरतात. मिनिटाला ७००० फेरे म्हणजे सेकंदाला ११६ हून अधिक. एवढ्या उष्णतेत आणि ओढाताणीत जोडणीतली बारीकशी कसरही लपत नाही.

सुटे भाग यंत्रावरच बनतात. पण एकाच यंत्रावरचे दोन भाग तंतोतंत सारखे कधीच नसतात. केसाच्या जाडीच्या काही हिश्श्यांचा फरक राहतोच. सुटा पाहिला तर प्रत्येक भाग पास. एकत्र बसवले की ते फरक एकमेकांत मिसळतात. म्हणून कारागीर मोजतो, निवडतो आणि जोडी जुळवतो. व्हॉल्व्हचेच पाहा. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी अशी फट ठेवावी लागते. फट कमी पडली तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. जास्त झाली तर खडखड वाढते आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. कारागीर गेजची पाती सरकवून फट पाहतो आणि योग्य जाडीचा टॅपेट निवडून बसवतो. पाती किती घट्ट सरकते, हे बोटांनाच कळते.

खोलीचे तापमान कायम राखण्याचे कारणही असेच आहे. ॲल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला तर सुमारे ०.०२३ मिलिमीटरने वाढतो. लेथवाले ज्याला एक थाऊ म्हणतात, जवळपास तेवढा. बेअरिंगमध्ये तेलासाठी ठेवायची जागाच दोन थाऊंच्या आसपास असते. दुपारच्या उन्हात घेतलेले माप आणि सकाळच्या गारव्यात घेतलेले माप यांचा मेळ बसणार कसा?

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे बोअरिंगवाले घासलेल्या सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह ठोकतात. या इंजिनात जाड स्लीव्ह मुळातच नाही. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर वितळलेल्या लोखंडाचा फवारा मारून अवघ्या ०.१५ मिलिमीटरचा थर दिलेला असतो. वजन वाचते आणि उष्णता लवकर बाहेर पडते.

आता नावाच्या पट्टीविषयी. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ती जाहिरातही आहे, यात शंका नाही. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये ही गाडी १ कोटी ९९ लाखांना आली. एवढी रक्कम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला काही वेगळे दाखवावेच लागते. स्वस्त गाडीला असा खर्च झेपणार नाही. तरीही आम्ही तिला निव्वळ जाहिरात म्हणणार नाही. आमच्या कापडात ताग्याच्या टोकाला शिक्का असतो तो गिरणीचा. विणणाऱ्याचे नाव कुठेच नसते. ताग्यात दोष निघाला तर तो कोणाच्या मागावरचा, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. माल उत्तम निघाला तरी शाबासकी त्या विणकरापर्यंत पोहोचत नाही. योकोहामाच्या त्या पट्टीने दोन्ही वाटा मोकळ्या केल्या.

शेवटची जीटी-आर ऑगस्ट २०२५ मध्ये तोचिगीच्या कारखान्यातून बाहेर पडली. अठरा वर्षांत सुमारे ४८,००० गाड्या झाल्या. त्यांची इंजिने जोडणारे ताकुमी एकूण नऊ. सरासरी काढली तर माणशी पाच हजारांहून अधिक इंजिने होतात.