बंद इंजिनाचा भाव

रविवारी पहाटे कोन गावात झोप लागणं अवघड. कळंबोलीहून खंडाळ्याकडे निघालेल्या मुंबईच्या महागड्या गाड्या द्रुतगती मार्गावरून जातात आणि त्यांचा आवाज शेतांवरून घरात येतो. सहा सिलिंडरचा सूर वेगळा, आठांचा वेगळा. गेली वीस वर्षं मी अंथरुणात पडल्या पडल्या तो ओळखत आलो आहे. पण माझा जीव खरा अडकतो तो आवाज बंद पडलेल्या गाड्यांमध्ये. ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेली, बॉनेटवर कोंबडी झोपलेली स्पोर्ट्स कार दिसली की मी गाडी बाजूला घेतोच. आणि मालक भेटला की पहिला प्रश्न तोच निघतो: हिचे किती?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून शोधतात. विकणारा म्हणतो, "चालू गाडी सहा लाखांना जाते, पन्नास हजार कमी करा." घेणारा म्हणतो, "इंजिनच गेलंय, भंगाराच्या भावात द्या." दोघंही अंदाजाने बोलत असतात. माझं ठाम मत असं, की बंद इंजिनाचा भाव घासाघीस करून ठरत नाही, हेड उघडून ठरतो. आणि ते उघडण्यात घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याचा फायदा जास्त असतो.

दोन वर्षांपूर्वी कोन-सावळा रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला जी गाडी दिसली ती आपल्याच रायगड जिल्ह्यातली निघाली. चिंकारा रोडस्टर. अलिबागच्या अलीकडे कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सचा छोटा कारखाना, तिथली ही दोन माणसांची उघडी गाडी. घाट इंग्लंडच्या लोटस सेव्हनचा. १९५७ साली कॉलिन चॅपमनने ती गाडी एकाच ध्यासाने बनवली होती: वजन कमी करा. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि तिथे ती अजून बनते. आपल्या रोडस्टरला अंग फायबरग्लासचं आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटर.

या इंजिनावर मी तासभर बोलू शकतो. अँबॅसॅडर १८०० आयएसझेड नावाने जी पेट्रोल गाडी सरकारी कचेऱ्यांसमोर उभी असायची, तिच्यात हेच घराणं. काँटेसातही तेच. ८४ मिलिमीटरचा बोअर, ८२ मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर, १८१७ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. इथेच भावाची पहिली गाठ आहे. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं, पण बिडाचा ब्लॉक बहुधा वाचतो. ब्लॉक वाचला तर बोअरिंग करून अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालता येतात. १८१७ चे साधारण १८३९ सीसी होतात, बस. शिवाय अँबॅसॅडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने फिरलं की सुटे भाग सापडतात. मी स्वतः फिरलो आहे.

आता गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मशी ताडून पाहा. तीही दोनच माणसांची, तीही फायबरच्या अंगाची, दिसायला फार गोड. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. पण रेनोचं नाव आपल्या रस्त्यांवर नीट रुळलं ते २००७ मध्ये महिंद्राबरोबर लोगन आली तेव्हा, आणि त्या पेट्रोल गाडीची इंजिनं १.४ आणि १.६ लिटरची. म्हणजे स्टॉर्मचा साधा व्हॉल्व्ह हवा तरी परदेशात हात पसरायचा. सारख्याच दिसणाऱ्या, सारख्याच बंद पडलेल्या दोन गाड्या, पण एकीचं इंजिन अँबॅसॅडरचं भावंड आणि दुसरीचं परक्या मुलखातलं. किमतीत फरक पडलाच पाहिजे. परदेशी गाड्यांची गोष्ट तर आणखी कठीण. पोर्शे बॉक्स्टरच्या जुन्या पिढ्यांमध्ये इंजिनाच्या पोटात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग आहे. ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. तिथे घेणारा शेवटून सुरुवात करतो, आधी पूर्ण इंजिनाची किंमत वजा करतो आणि मग बोलायला बसतो.

शेडमधल्या रोडस्टरचे मालक रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडी चौक गावाजवळ तापली, तशीच त्यांनी घरापर्यंत आणली आणि मग चार पावसाळे ती उभी राहिली. मागणी साडेसहा लाखांची. मी माझ्या ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. पनवेलमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी चावीला हात लावला नाही. बंद इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही, धक्का मारून चालू करायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या पाण्याने मेल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी चावी फिरवल्याने मेल्या. सिलिंडरात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मामांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टाला पाना लावला. हलेना. डिपस्टिक काढली तर ऑइल चहावरच्या सायीसारखं. ऑइल फिल्टर कापून उलगडला. चंदेरी कीस नव्हता.

"बेअरिंग ठीक असंल," मामा म्हणाले. "पाणी ऑइलात गेलंय, गॅस्केट गेलंय. पण जाम कशानं झालंय ते उघडल्याबिगर कोण सांगंल?"

मी मात्र तोवर गाडीखाली होतो. कोकणात इंजिनाच्या आधी गाडीच्या सांगाड्याला गंज खातो. अशा गाडीचा जीव तिच्या पोलादी नळ्यांत असतो आणि नळी आतून कुजली की वरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. सगळीकडे खणखणीत आवाज. बद्द आवाज आला असता तर मी इंजिनाची चौकशी तिथेच थांबवली असती. इंजिन बदलता येतं. सांगाडा बदलला तर तीच गाडी म्हणायची का?

मग कागद. हा भाग सगळेच उरकतात, मीही उरकतो, पण वगळत नाही. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवायचा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मागायचा. पंधरा वर्षं उलटली असतील तर नोंदणी पुन्हा करायची. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं होतं. दुसरं इंजिन बसवलं तर त्याचा नंबर आरटीओत चढवावा लागतो. विम्यातली घोषित किंमत इथे कामाची नाही, कारण तिची घसाऱ्याची ठरलेली पायरी पाच वर्षांवर संपते. त्यापुढे दोघांच्या संमतीनेच आकडा.

आकड्यांवर आलो तेव्हा मी वहीत तीन ओळी लिहिल्या आणि मालकांसमोर ठेवल्या. ही गाडी चालू असती तर सहा लाख, यावर आधी दोघांचं एकमत केलं. टायर, ब्रेक, रेडिएटर, गाडी उचलून नेणं आणि कागद यांचे ८०,००० दोन्ही परिस्थितींत जाणारच. माझ्या वेळेचे आणि वाट पाहण्याचे २५,०००. ब्लॉक वाचला तर इंजिनकाम ९५,००० चं, म्हणजे भाव चार लाख. ब्लॉकला चीर असेल तर दुसरं इंजिन शोधून बसवायला १,८०,०००, म्हणजे भाव ३,१५,०००. आणि न उघडता आत्ता, अशीच उचलायची तर मला वाईटच धरावं लागणार, वर न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आणखी ३५,००० कापावे लागणार: २,८०,०००.

मालक बराच वेळ वही बघत राहिले.

"म्हणजे उघडून ब्लॉक फुटका निघाला तरी मला आजच्यापेक्षा जास्तच मिळणार?"

"हो काका. मी कापतोय ते न कळण्याचे पैसे."

हेच मला इतक्या वर्षांत सापडलेलं सूत्र. फुटक्या ब्लॉकला किंमत असते, ती मोजता येते. अंधाराची किंमत मोजता येत नाही म्हणून घेणारा ती भरभरून कापतो, आणि तो लुबाडत नसतो. विकणारा मात्र "उघडली तर दोष दिसतील" या भीतीने झाकण बंद ठेवतो आणि लाखभर घालवतो. उघडण्याची मजुरी ९,००० होती. ती मी दिली, कारण सौदा मोडला असता तर गाडी सुटी करून ठेवल्याचा भार त्यांच्यावर पडला असता. दोन्ही आकडे कागदावर लिहून सह्या केल्या, मगच मामांनी पाना हातात घेतला.

हेड निघालं. गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये जळलेलं. तिसऱ्यात पाणी साचून रिंगा बोअरला गंजाने चिकटलेल्या, बाकी तिन्ही भिंती स्वच्छ. मामांनी लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकलं, पुन्हा ऑइल, पुन्हा ठोकलं. संध्याकाळी पिस्टन सुटला. लेथवाल्याने मोजून सांगितलं, अर्धा मिलिमीटरमध्ये गंजाचे खड्डे निघून जातील. चार लाखांचा चेक मी त्याच रात्री लिहिला, आणि ब्लॉक तोच राहिल्यामुळे आरसीवरचा इंजिन नंबरही तोच राहिला.

फॉर्म २९ आणि ३० चौदा दिवसांच्या आत भरले. हे मी कधीच लांबवत नाही, कारण नोंदणीत नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. काकांनी चार पावसाळे सांभाळलेल्या गाडीचं ओझं विकल्यावरही त्यांच्या डोक्यावर का ठेवायचं?

इंजिन आता बांधून झालं आहे. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले हजार किलोमीटर तिला दमाने चालवायची, म्हणून द्रुतगती मार्ग अजून बंद. सकाळी सहाला मी कोन फाट्यावरून पळस्पे, तिथून पेण, वडखळ असा जातो आणि कार्लेखिंडीच्या चढाला तापमानाच्या काट्यावर नजर ठेवतो. परवा तो मधल्या रेघेच्या वर गेला नाही. खिंडीत थांबून बॉनेट उघडलं, हेडच्या कडेने बोट फिरवलं. कोरडं होतं.