औषध फुकट, निदान महाग

पोटदुखी, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि उतरत चाललेले वजन ही लक्षणे घेऊन माण-खटावचा किंवा जत-आटपाडीचा रुग्ण आला, तर डॉक्टरांच्या मनात प्रथम पोटाच्या क्षयाचा विचार यावा, हे स्वाभाविकच होय. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. शिवाय या भागाला क्षयाची ओळख जुनी. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे वॉनलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही झाले.

परंतु हीच लक्षणे लिम्फोमाचीही असतात. लसीकाग्रंथींचा हा कर्करोग आतड्यांभोवतीच्या गाठी वाढवतो, पोटात पाणीही साठवू शकतो. सोनोग्राफीत दोन्ही रोगांच्या गाठी पुष्कळदा सारख्याच दिसतात. पोटाच्या क्षयात जंतू थोडे असल्याने ते तपासणीत सापडले नाहीत, तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. खरा निवाडा होतो तो गाठीचा पुरेसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. त्यासाठी सीटी स्कॅन, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळेतील विशेष चाचण्या लागतात. म्हणून मग ‘आधी क्षयाची औषधे देऊन पाहू’ असे ठरते.

येथे वैद्यकापेक्षा बाजाराचा नियम अधिक चालतो. क्षयाची औषधे शासकीय केंद्रात फुकट मिळतात. निदानाला पैसे पडतात. हातावर पोट असलेला माणूस दुसरे काय निवडणार? पण औषधांचा नेहमीचा क्रम सहा महिन्यांचा, आणि वेगाने वाढणारा लिम्फोमा तेवढे थांबत नाही. त्यात स्टेरॉइड दिले गेले तर गाठी तात्पुरत्या आक्रसतात, रुग्णाला भूक लागते, घरचे निर्धास्त होतात. आणि नंतर तुकडा काढला तरी रोगाची खूण पुसट झालेली असते. बरे वाटणे हाच चकवा! (याच्या उलट चूकही घडते: क्षयाच्याच गाठीला कर्करोग समजून सारे घर हाय खाते.) वेळेवर ओळखले तर लिम्फोमाचे अनेक प्रकार बरे होतात, म्हणून हा विलंब अधिकच बोचतो.

२०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावे सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी शासकीय आरोग्य योजना कर्करोगाच्या उपचारांचा भार उचलते. पण तो रोग कागदोपत्री सिद्ध झाल्यावर. त्याआधीच्या तपासण्या, दहिवडीहून कराडला किंवा जतहून मिरजेला एसटीने घातलेल्या खेपा आणि सोबत आलेल्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, हे सारे बहुधा पदरमोड करूनच भागवावे लागते. क्षयाच्या गोळीइतकाच गाठीचा तुकडा तपासणेही मोफत असावे, ही मागणी अवास्तव नाही. सहा महिन्यांनी वाढलेल्या रोगावर त्याच शासनाला त्याहून कितीतरी अधिक खर्च करावा लागतो.